एककान्याचा नवा कान

मंगळवार, ८ ऑक्टोबर. सकाळी दहा वाजून पाच मिनिटं.

वेळ आधी लिहून ठेवते. पुढे कोणी "नक्की कधी?" असं विचारलं तर चाचरायला नको. आज सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी आमच्या चर्चच्या दाराशी उभ्या असलेल्या दगडी संताला दोन कान असल्याचं माझ्या हाताला लागलं.

त्याला एकच कान आहे. माझ्या आधीपासून, माझ्या आईच्या आधीपासून एकच. म्हणून तर सगळं गाव त्याला एककान्या म्हणतं. खरं नाव पायाशी लॅटिनमध्ये कोरलंय. ते शाळेत सिस्टरांनी आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं, पण मी ते गावात कधी उच्चारलं नाही, कारण मी कोणाबद्दल बोलतेय हे कोणालाच कळलं नसतं.

त्याच्या उजव्या कानात मागायचं. सावकाश, एका वेळी एकच. आणि डावीकडे, जिथे कान नाही, नुसता खडबडीत खुंट आहे, तिथे ओकायचं. सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, शेजारणीबद्दल, जे काही कडू साठलं असेल ते. तिकडून त्याला ऐकू येत नाही, म्हणून बोललेलं कोणाला लागत नाही. झालं की खुंटावर थोपटायचं आणि आपल्या वाटेने जायचं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेली बाई, मी त्याला फोन ठेवणं म्हणते.

आई सांगायची ती गोष्ट अशी. पूर्वी त्याला दोन्ही कान होते आणि जे कानावर पडेल ते तो करून टाकायचा. एकदा एक दमलेली बाई कडेवर किरकिरं पोर घेऊन दाराशी टेकली आणि पोराला म्हणाली, मर मेल्या एकदाचा. याने ते ऐकलं. आता पंचाईत. ऐकलंय तर केलं पाहिजे, आणि करवत तर नाही. मग त्याने आपल्या हाताने तो कान उपटला, बाईच्या पायाशी टाकला आणि म्हणाला, मी काही ऐकलं नाही. तेव्हापासून माणसाला मनात नसलेलं बोलायला गावात एक जागा झाली.

सिस्टर याला अडाणीपणा म्हणायच्या. मात्र शाळेची तपासणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी खुद्द मदर त्याच्या डाव्या बाजूला बराच वेळ उभ्या होत्या, हे मी आणि ताईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

माझा या सगळ्यावर विश्वास आहे असं नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे. पण रोज भाजीला जाताना मी तिथे थांबते, माझं नेहमीचं एक वाक्य बोलते, थोपटते आणि पुढे जाते. दात घासण्यासारखंच आहे ते. आज एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवी, चष्मा पिशवीत. वाक्य बोलले, छत्री काखेत मारली आणि थोपटायला हात वर नेला. खुंट नव्हता. पाळीसकट अख्खा कान होता. गार आणि किंचित ओलसर.

वाक्य तोवर बोलून झालं होतं.


बुधवार, ९ ऑक्टोबर

काल दुपारीच नव्या फादरांना अर्ज दिला. सुवाच्य अक्षरात, समास सोडून. कोणाच्या परवानगीने कान बसवला, तो कधी काढणार, आणि याचं लेखी उत्तर सोमवारपर्यंत मिळावं.

आज उत्तर आलं. तोंडी. फादर स्वतः आमच्या जिन्यावर उभे. उंच, हाडकुळे, डोकं वाकवल्याशिवाय आमच्या दारातून आत येता येत नाही त्यांना. "मावशी, तुम्हाला आवडेल असं वाटलं होतं," म्हणाले. मी त्यांना सांगितलं की मी त्यांची मावशी कधी झाले ते मला आठवत नाही.

झालं असं की शहरातला एक मूर्तिकार त्यांच्या ओळखीचा. तो सोमवारी आला आणि अंधार पडायच्या आत कान बसवून गेला. गावाला अचानक भेट द्यायची होती म्हणे. भेट द्यायची तर चर्चचं छप्पर गळतंय, तिथे द्यायची. फादर खाली मान घालून म्हणाले, "सगळे येऊन त्याच्याशी बोलतात, आणि त्याला अर्धंच ऐकू येतं, याचं मला वाईट वाटायचं."

माणूस वाईट नाही. नवीन आहे.

त्यांनी एक पाटीही लावलीय, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. तीवर लिहिलंय की संताचा उजवा कान वीज पडून तुटला होता. वीज कोणी पाहिली देव जाणे, पण उजवा? आपल्या उजव्या हाताला दिसतो म्हणून यांनी सरळ उजवा लिहून टाकला. समोरच्याचा डावा तो आपला उजवा, एवढं सिस्टर आम्हाला चौथीत शिकवायच्या, तेही कान पिळून, म्हणजे कुठला ते लक्षात राहावं. मी फादरांना उभं करून, समोर उभं राहून, हात वर करून दाखवलं. त्यांनी आधी उलटाच हात वर केला.

ताई आतून विचारत होती, कोण आलंय, कोण आलंय. मी तिच्या उजव्या कानाशी जाऊन चांगलं मोठ्याने सांगितलं. "काय?" म्हणाली. पुन्हा सांगितलं. "बरं बरं," म्हणाली आणि फादरांना विचारलं, गॅस सिलिंडर आणलाय का?


शुक्रवार, ११ ऑक्टोबर

गावाचं बिनसलंय. चर्चच्या दाराशी आता कोणी थांबत नाही. लोक येतात, एककान्याकडे पाहून ओळखीच्या माणसाने अचानक गणवेश घातलेला दिसावा तसे बिचकतात आणि आत निघून जातात. बेकरीवाली रोज सकाळी पाव भट्टीत टाकला की सासूचं पोटातलं त्याच्याजवळ ओकून यायची, आणि मग दिवसभर सासूशी गोडीने वागायची. आता ओकायला जागा नाही. काल तिने गिऱ्हाइकांसमोर सासूला काय काय सुनावलं ते मी इथे लिहिणार नाही, पण म्हातारी पिठाच्या पोत्यावर बसून रडत होती. मी दोघींनाही दटावलं. बेकरीवाली म्हणाली, "बाई, तुमचं बरं आहे. तुमच्या घरात भांडण नाही."

मी पाव घेतला आणि आले.

माझ्या घरात भांडण नाही, कारण ताईशी भांडताच येत नाही. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. भावजी गेल्यावर एक पेटी आणि एक रेडिओ घेऊन चार दिवसांसाठी म्हणून आली, तेव्हा मी नोकरीत होते. चार दिवस अजून संपायचेत. ती काही करत नाही हाच तिचा उपद्रव. खुर्चीत बसते, रेडिओ मोठा लावते आणि मी काहीही विचारलं की "काय?" म्हणते. जेवतेस का? काय? खिडकी लावू का? काय? तिचा डावा कान गेलाय. कान तपासायला नेलं होतं तेव्हा मी तिच्या समोरच बसले होते. डॉक्टरने कुठल्या कानावर बोट ठेवून मान हलवली ते मला आजही दिसतं. यंत्र दिलं ते डबीत आहे, कानात मुंगी फिरल्यासारखं होतं म्हणते. म्हणून प्रेमाचं, कामाचं जे काही असेल ते मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन घसा ताणून बोलते. आणि तिच्या डावीकडून केर काढताना, अंथरूण घालताना तोंडातल्या तोंडात जे पुटपुटते, ते माझं माझ्यापाशी. तेवढी मुभा माणसाला हवी.

आज तिला खोकला आहे. सकाळपासून रेडिओ लावला नाही.


शनिवार, १२ ऑक्टोबर

ताईला दवाखान्यात ठेवलंय. छातीत कफ साठलाय, ताप खूप. सकाळी चहा घेऊन गेले तर खुर्चीतून घसरून खाली बसलेली, ओठ निळसर. मी उचलायला गेले, हलली नाही. दवाखान्याचे गाडीवाले आले, पण त्यांचं स्ट्रेचर आमच्या जिन्याच्या वळणावर अडकलं. उभंही जाईना, आडवंही जाईना. ते दोघं आपापसात वाद घालत बसले, आणि तेवढ्यात नवे फादर आले. अर्जाचं उत्तर द्यायला, पुन्हा तोंडीच. त्यांनी काही विचारलं नाही. ताईच्या खाली दोन्ही हात घातले, उचललं आणि दारात डोकं आपटून, वळणावर भिंतीला पाठ घासत, तिला खाली घेऊन गेले. काडीसारखा माणूस. एवढा जोर कुठून आला कोण जाणे. त्यांचा झगा खांद्यापाशी फाटला.

मी मागून तिची चप्पल घेऊन गेले. कशाला, ते माहीत नाही. ती चालणार नव्हती.


रविवार, १३ ऑक्टोबर

चर्चमध्ये मिस्सेला गेले नाही.

एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी पहिला नियम शिकवायचे: लाइन मेलेली आहे याची खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. माझ्या शेजारच्या बोर्डावर बसणाऱ्या मैत्रिणीने एका बड्या साहेबाला गेंडा म्हटलं होतं. तिला वाटलं त्याने फोन ठेवला. त्याने ठेवला नव्हता. तिची बदली अशा ठिकाणी झाली की तिथे टपालही आठवड्याने पोचायचं. आम्ही वर्षानुवर्षं नव्या मुलींना ती गोष्ट सांगायचो. मी सांगायचे. नोकरीभर माझ्या हातून ती चूक झाली नाही.

माझं वाक्य तीन शब्दांचं आहे. लिहूनच टाकते, म्हणजे त्यात काही विशेष नाही हे मलाच दिसेल. "उचल आता हिला."

दिसलं. यात विशेष काही नाही. दमलेली माणसं बोलतात असं. मी ते वर्षानुवर्षं बोलतेय आणि ताई मजेत रेडिओ ऐकतेय. कारण लाइन मेलेली होती.

मंगळवारी नव्हती.


मंगळवार, १५ ऑक्टोबर

ताप उतरलेला नाही. डॉक्टर तरुण मुलगी आहे, वय विचारात घ्यावं लागेल म्हणते. वय सगळ्यांनाच असतं, असं मी तिला सांगितलं. ताई डोळे मिटून पडलेली असते. मी तिच्या उजव्या कानाशी बोलत राहते: बरी हो, घरी चल, हवा तेवढा रेडिओ लाव. ती ऐकत नाही.

फादर आले. झगा शिवला होता, टाके पुरुषी. बाकावर शेजारी बसले, पाय मावेनात. मी अर्जाची मुदत काल संपली याची आठवण करून दिली. ते म्हणाले, गावातले लोक बोलायचे थांबलेत हे त्यांच्याही लक्षात आलंय. मग मला विचारलं, तुम्ही तिथे काय बोलायचात? मी म्हटलं तो प्रश्न अर्जात नाही. आणि मग, का कोण जाणे, गेंड्याची गोष्ट सांगितली. ती मी नेहमी चांगली रंगवून सांगते, लोक हसतात. हे हसले नाहीत. पलंगाकडे बघून म्हणाले:

"त्याने ऐकलं असेल असं वाटतं तुम्हाला?"

मी म्हटलं मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे. मला काही वाटत नाही. मला अर्जाचं उत्तर हवं, लेखी.

"उत्तर मिळेल," म्हणाले आणि उठले. उठताना दिव्याला डोकं लागलं.

माझ्या मनात मात्र दुसरंच चाललंय. चुकीचा नंबर लागला तर आपण काय करतो? पुन्हा त्याच नंबरला फोन करून सांगतो, माफ करा, चुकून लागला. ज्या लाइनवर बोललात त्याच लाइनवर. उजव्या कानात जाऊन मागण्यात अर्थ नाही, ते खातं वेगळं. त्याच डाव्या कानात जाऊन शब्द मागे घ्यायला हवेत. पण तिथे जाऊन उभं राहायचं म्हणजे माझा यावर विश्वास आहे असं होईल. बेकरी समोरच आहे. सगळ्या गावाला दिसेल, हॅलोबाई नव्या कानाशी लागलीय. माझ्या पाठीमागे हॅलोबाई म्हणतात; त्यांना वाटतं मला ते माहीत नाही.

उद्या बघू.


गुरुवार, १७ ऑक्टोबर

काल हिंमत झाली नाही. आज गेले. भाजीची पिशवी घेतली, म्हणजे सहज थांबल्यासारखं दिसेल. चष्मा लावला. वाक्य जिन्यातच जुळवून ठेवलं होतं.

कान नव्हता.

दाराशी ही गर्दी. पहाटे झाडलोट करायला आलेल्या बाईला तो पायरीवर पडलेला सापडला, दोन तुकडे. बेकरीवालीने ते रुमालात गुंडाळून छातीशी धरले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, त्यानेच उपटला. आपल्या हाताने, पुन्हा. तिच्या सासूने माझा दंड धरून विचारलं, बाई, कोणासाठी उपटला असेल हो त्याने या वेळी? कोणाच्या तोंडून काय ऐकलं असेल? मी म्हटलं, प्लास्टर हलक्या प्रतीचं होतं, ओल धरली आणि पडलं. यात संतांचा काही संबंध नाही. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच त्याला कान नाही म्हणून हिणवत होते.

खुंटावर ताज्या पांढऱ्या खुणा दिसत होत्या, ओरखड्यासारख्या. पडताना खरवडलं असणार.

फादर आत बाक पुसत होते. उजव्या हाताच्या अंगठ्याला एवढं मोठं बँडेज. विचारलं तर म्हणाले खिडकीत सापडला. खिडकी कशी लावावी तेही सेमिनरीत शिकवत नाहीत बहुतेक. झग्याच्या बाह्या पिठात बुडवल्यासारख्या पांढऱ्या. मी त्या झटकून दिल्या आणि सांगितलं की जखमेला हळद नको, साध्या पाण्याने धुवा आणि कोरडी ठेवा. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "आता बरं वाटतंय ना, मावशी?"

काय बरं वाटणार? मला वाटलं होतं हा माणूस निदान आज तरी अर्जाचं उत्तर हातात ठेवेल. तेही नाही. आणि ज्या लाइनवर मला बोलायचं होतं ती लाइनच तुटली. त्या नव्या कानाने आयुष्यात माझं एकच वाक्य ऐकलं आणि तो पडला. जे बोलायला नको होतं ते पोचलं, जे बोलायला आले ते ऐकायला कोणी नाही.

दाराशी सगळ्या बायका पुन्हा रांगेत उभ्या होत्या, डाव्या बाजूला. नऊ दिवसांचं साठलेलं. हसत होत्या. माझ्यासाठी जागा केली. मी म्हटलं मला भाजीला जायचंय.


शनिवार, १९ ऑक्टोबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारी ताप उतरला. ताई झोपली होती. नर्स म्हणाली, पलंग भिंतीला सरकवलाय, आता तुम्हाला या बाजूला बसावं लागेल. म्हणजे ताईच्या डाव्या बाजूला. बसले. तिकडून ऐकू येत नाही, म्हणून मी मोकळेपणी बोलत गेले. की मी दमले होते गं. की ते मनात नव्हतं. की आता त्याला तरी कसं सांगू, कान पडला. की तुझी चप्पल मी गाडीत घेऊन बसले होते, बावळटासारखी. आणि आईच्या गोष्टीतल्या त्या बाईचं पुढे काय झालं, पोर जगलं ना, हे आईला आपण कधी विचारलं कसं नाही.

"जगलं," ताई म्हणाली. डोळे मिटलेलेच. "मी विचारलं होतं. तू झोपली होतीस."

मी हादरले. म्हटलं तुला ऐकू कसं आलं?

"या कानाने येतं की. तो गेलाय." आणि तिने उजव्या कानाला हात लावला.

मी म्हटलं शक्य नाही, मी समोर बसले होते, मी पाहिलंय. बोलता बोलताच माझा हात वर गेला, समोरच्याचा डावा म्हणजे आपला, आणि तिथेच राहिला. ताई डोळे उघडून माझ्या हाताकडे बघत होती. तिला हसू आलं, त्याने खोकला आला, मग मी पाणी दिलं.

एवढी वर्षं. जेवतेस का, खिडकी लावू का, कंटाळा आलाय का तुला, माझं आहे ना सगळं तुझंच, हे सारं मी गेलेल्या कानात ओरडत होते. आणि डावीकडून केर काढताना.

विचारलं, म्हणजे तू सगळं ऐकलंस?

"रोज."

ते वाक्यसुद्धा?

"ते तर अंथरूण घालताना. उशीवर थोपटून म्हणायचीस."

मी तिला चिडूनच विचारलं, मग तोंडाने सांगता येत नव्हतं का, की बाई गं, उलट्या बाजूला बोलतेस?

ताईने जरा विचार केला. ती प्रत्येक गोष्टीला वेळ घेते, याचाही मला राग येतो. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर तू कुठे बोलली असतीस?"

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, गाड्या लावायची जागा आहे तिथे. पाठीमागून म्हणाली, "आणि त्याचं कशाला मनाला लावून घेतेस? तू म्हणालीस उचल. त्याने तो लांबुडका फादर पाठवला. फादरने उचललं. जिन्यावरून खाली आणलं. भिंतीवर माझं कोपर सोललं, ते सोड. काम झालं."

मी वळून बघितलं तर ती पुन्हा झोपलीसुद्धा होती. का झोपल्यासारखं करत होती. आता तिच्या बाबतीत माझा कशावरच भरवसा राहिलेला नाही.


बुधवार, २३ ऑक्टोबर

ताई घरी आली. जिना स्वतःच्या पायाने चढली, फादर मागे, पडली तर धरायला. रेडिओ लावला. मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन साध्या आवाजात म्हटलं, जरा कमी कर. तिने कमी केला. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. मला कसंसंच झालं. केर काढायला घेतला आणि काय पुटपुटावं ते सुचेना. शेवटी उजव्या बाजूने काढला.

येताना आम्ही चर्चच्या दाराशी थांबलो होतो, तिच्या हट्टावरून. ती एककान्याच्या डाव्या बाजूला गेली, खुंटाला टेकून बराच वेळ काहीतरी बोलली. मधूनमधून माझ्याकडे बघत होती. मी जवळ सरकले तर हाताने मागे हो म्हणाली. थोपटलं आणि आली. मी विचारलं, काय बोललीस? "काय?" म्हणाली.

फादरांना दिलेल्या अर्जाबद्दल: उत्तर आलं नाही ते नाहीच. पण कान राहिला नाही, पाटीवरही त्यांनी खडूने "उजवा"चा "डावा" केलाय, तेव्हा तो अर्ज मी मागे घेतला. तोंडी. त्यांना तेच समजतं.

आता एकच काम उरलंय. लाइन तुटली आहे, बोलून उपयोग नाही, तेव्हा लिहूनच द्यायला हवं. पुढचा मजकूर चांगल्या कागदावर उतरवून उद्या खुंटाच्या खाचेत ठेवणार. फादर हल्ली रोज तिथे स्वतः झाडतात. इतरांनी हात लावू नये, असं घडीवर लिहीन.

"चर्चच्या दाराशी उभे असलेले संत यांस,

दि. ८ ऑक्टोबर रोजी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मी आपल्या डाव्या कानात एक तोंडी अर्ज केला. तो कान त्या वेळी चालू आहे याची मला कल्पना दिलेली नव्हती. ही चूक माझी नाही, तरी तिच्याबद्दल मी दिलगीर आहे.

सदर अर्जातील 'उचल' या शब्दाचा अर्थ 'जिन्यावरून उचलून सुखरूप खाली आणणे' एवढाच घ्यावा. ते काम आपण दि. १२ रोजी फादरांकरवी पूर्ण केलं आहे, त्याबद्दल आभारी आहे. कोपर सोललं, त्याची तक्रार नाही. तेव्हा अर्ज निकाली काढावा आणि त्यावर पुढे कोणतीही कारवाई करू नये. ती खुर्चीत बसलेली आहे, तिला तशीच बसू द्यावी.

माझ्या बहिणीचं म्हणणं असं की ऐकलेलं सगळं करायचं नसतं. ती स्वतः तसं करत आली आहे. आपलंही तसंच आहे का, हे कळावं. तसंच आज दुपारी तिने आपल्याजवळ माझ्याबद्दल जे सांगितलं ते ऐकू आलं नसल्यास उत्तम. आलं असल्यास त्यातलं निम्मं खरं धरू नये.

अर्ज निकाली निघाल्याचं लेखी उत्तर रविवार, २७ ऑक्टोबर रोजी सकाळच्या मिस्सेच्या घंटेपूर्वी मिळावं. तोंडी उत्तर चालणार नाही."